इस्तंबूलमध्ये हाताने झांजा घडवणारा कारखाना पाहायचा आहे: काय पाहावे, काय विचारावे?

तिहाई (ठाणे)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये कार्यालयाच्या कामासाठी इस्तंबूलला जाणे होणार आहे आणि काम आटोपल्यावर माझ्या हाती दोन मोकळे दिवस उरतात. मी गेली चौदा वर्षे ड्रम वाजवतो. त्याआधी शाळकरी वयात भजनी मंडळात टाळ धरत असे, त्यामुळे दोन धातू एकमेकांवर आदळल्यावर निघणाऱ्या आवाजाचे वेड जुनेच आहे. ड्रमसेटवरच्या ज्या मोठ्या झांजांना आपण सगळे सिंबल म्हणतो, त्या इस्तंबूलमध्ये आजही हातोड्याने ठोकून घडवल्या जातात, हे वाचून माहीत आहे. पण प्रत्यक्ष कारखाना पाहिलेली व्यक्ती मला अजून भेटलेली नाही.

आपल्यापैकी कोणी असा कारखाना पाहिला असल्यास सांगावे. बाहेरच्या माणसाला आत जाऊ देतात का? गेल्यावर नेमके कुठे थांबून पाहावे? आणि तिथूनच २२ इंची राइड, म्हणजे ज्यावर काठीने सतत ठेका धरतात ती मोठी झांज, विकत घेणे शहाणपणाचे ठरेल का? पर्यटकांसाठी सजवलेले दुकान पाहण्यात मला रस नाही. काम चालू असताना पाहायचे आहे.

उलटा ठेका (पुणे)

मी दोन वर्षांपूर्वी असा एक कारखाना पाहिला आहे. कारखाने शहराच्या कडेच्या औद्योगिक वस्तीत असतात आणि तिथे तिकीट काढून आत जाण्याची सोय नसते. मी सहा आठवडे आधी ईमेल पाठवून आपण वादक आहोत, काय वाजवतो आणि कोणत्या तारखांना येऊ शकतो एवढे मोजके लिहिले होते. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही, दुसऱ्याला दोन ओळींचे आले आणि तेवढे पुरले. भट्टीच्या खोलीत छायाचित्र काढू नये असे दारातच सांगण्यात आले, ते मी पाळले. आपणही पाळावे, कारण मिश्रण ओतण्याची रीत ही या धंद्यातील घरगुती ठेव मानली जाते.

आता काय पाहावे याविषयी. ‘हाताने घडवलेली’ या शब्दांनी माझी जशी समजूत झाली होती तशी आपली होऊ नये म्हणून आधीच सांगतो की, सगळे काही हाताने होत नाही. तांबे आणि कथील मुशीत वितळवून लहान जाड चकतीच्या आकाराची लगड ओततात, ती भट्टीत लाल करून लोखंडी रुळांमधून काढतात आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा तापवतात. दर फेरीला चकती थोडी फिरवून घालतात, म्हणजे ती एकाच दिशेला लांबत न जाता भाकरीसारखी चहूकडे पसरते. मधला घुमट गरम असतानाच दाबयंत्राखाली उठवला जातो. इथवर यंत्रे आहेत, उष्णता आहे आणि घाई आहे, कारण चकती थंड झाली की ती रुळांत तडकते. हे सारे पाहायला नेत्रदीपक आहे, परंतु मी आपल्या जागी असतो तर इथे पंधरा मिनिटांहून अधिक थांबलो नसतो.

थांबायचे ते पुढच्या खोलीत. तिथे कारागीर बुटक्या बैठकीवर बसून समोरच्या ऐरणीवर चकती ठेवतो, डाव्या हाताने ती थोडीथोडी सरकवत राहतो आणि उजव्या हातातील हातोडा ठरावीक लयीत पडत राहतो. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिले आहे, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. फरक हेतूत आहे. तांबट मठारतो तेव्हा भांड्याला बळकटी आणि चकाकी येते. इथे प्रत्येक ठोक्यागणिक पत्र्यात ताण भरला जातो आणि सपाट चकती हळूहळू कमानदार होते. एका झांजेवर असे हजारो ठोके पडतात. मी ज्या वयस्कर कारागिरासमोर उभा होतो, तो मधूनच हातोडा थांबवून चकती बोटावर तोलत असे आणि अंगठ्याने कडेला टिचकी मारत असे. मग ज्या जागी मला काहीच वेगळे दिसत नव्हते अशा जागी तो दोन-तीन ठोके देई. काय ऐकले, असे मी दुभाष्यामार्फत विचारले, तेव्हा त्याने खांदे उडवले. मला ते उत्तर प्रामाणिक वाटले.

त्यानंतर लेथ. झांज लाकडी साच्यावर दाबून फिरवतात आणि कारागीर लांब दांड्याचे हत्यार काखेत धरून, अंगाचा सारा भार त्यावर टाकून, वरचा थर सोलत जातो. सोनेरी कीस दोरीसारखा लांबच लांब निघतो. तो झाडून गोळा करतात आणि पुन्हा मुशीत टाकतात. झांजेवर ज्या बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात त्या याच हत्याराच्या. काही झांजा मुद्दाम न सोलता किंवा अर्ध्याच सोलून ठेवतात, त्यांचा आवाज कोरडा आणि आखूड येतो. या सोलण्यात चार-दोन ग्रॅम अधिक गेले तर फारसे बिघडत नाही, पण कडेला जाडी एकसारखी उतरत गेली नाही तर झांज कायमची बेसूर वाटते, आणि ती जाडी मोजायला त्या माणसाजवळ हाताच्या दाबाखेरीज काही नव्हते.

एक व्यवहाराची गोष्ट: कानात घालायचे बोळे जवळ ठेवावेत. दहा माणसे एकाच वेळी ठोकत असतात आणि मी ते विसरलो होतो.

निवृत्त धातुकर्मी (नाशिक)

वरील वर्णन सुरेख आहे, मात्र त्यातून एक पायरी निसटली आहे आणि माझ्या मते या साऱ्या उद्योगाचे मर्म तीतच आहे.

या झांजांचा धातू म्हणजे सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील असलेले कांसे. आपल्याकडील काशाच्या थाळीचीही हीच जात. काशाची थाळी हातातून फरशीवर पडली तर ती पितळेसारखी चेपत नाही, तडकते, हे ज्यांच्या घरी जुनी भांडी आहेत त्यांना माहीत असेल. कथील इतके वाढले की मिश्रण सावकाश थंड होताना त्यात डेल्टा नावाची अत्यंत कठीण आणि ठिसूळ अवस्था तयार होते, आणि अशा पत्र्यावर हातोडा मारणे म्हणजे काचेवर मारण्यासारखेच आहे. मग हजारो ठोके कसे सोसवतात?

उत्तर पाण्याच्या हौदात आहे. साधारण ५८६ अंश सेल्सिअसच्या वर या मिश्रणात बीटा नावाची, बरीच मऊ अवस्था असते. रुळांमधून काढण्याचे काम तापल्या चकतीवरच का करावे लागते याचे कारण हेच. घुमट उठवल्यानंतर चकती पुन्हा लाल करतात आणि एकदम पाण्यात बुडवतात. त्यामुळे डेल्टा तयार व्हायला अवधीच मिळत नाही आणि थंड झाल्यावरही धातू ठोके सोसण्याइतका चिवट राहतो. पोलादाच्या अगदी उलट प्रकार आहे हा. लोहार तापलेली कोयती पाण्यात घालतो ती कडक व्हावी म्हणून, झांजकार चकती पाण्यात घालतो ती ठिसूळ होऊ नये म्हणून. आपण गेलात तर हा हौद कुठे आहे, हे आवर्जून विचारा. भेट देणारे बहुतेक लोक भट्टीच्या ज्वाळांकडे पाहत राहतात आणि ते चर्र होणारे चार सेकंद त्यांच्या नजरेतून सुटतात.

विषयाला धरूनच एक अवांतर. केरळातील आरन्मुळा येथील प्रसिद्ध धातूचा आरसाही तांबे आणि कथील यांचाच असतो. तिथे कथिलाचे प्रमाण सुमारे एकतृतीयांश असते आणि झांजकार ज्या डेल्टा अवस्थेला टाळतो, तीच तिथे मुद्दाम हवी असते, कारण आरशासारखी झिलई तिच्यावरच चढते.

बोस्फरसकाठी (इस्तंबूल)

मी नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून इथे राहते. ड्रम वाजवता येत नाहीत, पण या धंद्याची जुनी जागा माझ्या रोजच्या वाटेजवळ आहे, म्हणून थोडे इतिहासाविषयी.

मर्मरा समुद्राच्या बाजूला सामात्या नावाचा जुना आर्मेनियन वस्तीचा भाग आहे. अवेदिस नावाच्या आर्मेनियन किमयागाराने सोने करण्याच्या खटपटीत हे मिश्रण शोधले आणि १६२३ मध्ये त्याने इथे स्वतःची भट्टी सुरू केली, असे त्याच्या घराण्याचा इतिहास सांगतो. त्या झांजा प्रथम सुलतानाच्या मेहतर या लष्करी वाद्यवृंदात वाजल्या. या कामावरूनच घराण्याला झिल्जियान हे नाव पडले. तुर्कीत ‘झिल’ म्हणजे झांज, ‘जी’ हा करणाऱ्याचा प्रत्यय आणि ‘यान’ हा आर्मेनियन आडनावांचा शेवट. आपल्या तबलजी, तोपची, मशालजी या शब्दांतला प्रत्ययही हाच, तुर्कीतून फारसीमार्गे आलेला. कासार किंवा तांबट हे आडनाव ऐकून आपण घराण्याचा धंदा ओळखतो, तसेच हे झाले.

पुढे घराण्याची एक शाखा अमेरिकेत गेली आणि १९२९ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये झांजा करू लागली; झिल्जियान नावाने जगभर झांजा विकणारी कंपनी ती हीच. इस्तंबूलमध्ये राहिलेल्या शाखेच्या झांजांवर केरोपे या पूर्वजाच्या नावाचे ‘के’ हे अक्षर असे. टोनी विल्यम्स आणि एल्विन जोन्स यांच्यासारख्या जॅझ वादकांमुळे या जुन्या ‘के’ झांजांना आज वाटेल ती किंमत मिळते. तो कारखाना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद पडला. तिथे लहानपणापासून काम शिकलेले आगोप तोमुर्जुक आणि मेहमेट तामदेअर या दोघांनी १९८० च्या सुमारास एकत्र येऊन ‘इस्तंबूल’ नावाने पुन्हा काम सुरू केले. एक आर्मेनियन, एक तुर्क, आणि झांजेवर दोघांच्याही सह्या. आगोप १९९६ मध्ये गेले, त्यानंतर ‘इस्तंबूल आगोप’ आणि ‘इस्तंबूल मेहमेट’ अशा दोन कंपन्या झाल्या. आज शहरात जे इतर लहानमोठे झांजकार आहेत, त्यांतील कित्येकांचे शिक्षण या दोघांच्याच हाताखाली किंवा त्यांच्या शिष्यांकडे झालेले आहे.

आपल्या दोन दिवसांपैकी एक कारखान्याला द्यावा आणि दुसऱ्या दिवशी गलाता मनोऱ्याजवळच्या गालिप देदे रस्त्यावर जावे. तो सगळा रस्ता वाद्यांच्या दुकानांचा आहे. तिथेच मेव्हलेवी या सूफी पंथाच्या दरवेशांचा जुना मठ आता संग्रहालय म्हणून उघडा आहे. त्यांच्या संगीतातही ‘हालिले’ नावाची झांजांची जोडी वाजते, मात्र ती अगदी हलक्या हाताने. हार्बिये भागातील लष्करी संग्रहालयात मेहतर वाद्यवृंदाचे वादन होते, त्याचे वार आणि वेळ आधी पाहून घ्यावी. कारखान्यात वयस्कर कारागिरास ‘उस्ता’ म्हणावे. आपला उस्ताद आणि हा उस्ता एकाच फारसी शब्दाची लेकरे आहेत, आणि या एका संबोधनाने माणसे खुलतात असा माझा अनुभव आहे.

तिहाई (ठाणे)

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. पाण्याच्या हौदाची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. विकत घेण्याविषयी मात्र कोणी लिहिले नाही. एकाच नावाच्या, एकाच मापाच्या दोन झांजा वेगळ्या वाजतात, असे ऐकतो. मग निवडायचे कसे?

उलटा ठेका (पुणे)

वेगळ्या वाजतात हे खरे, आणि म्हणूनच तिथे जाऊन घेण्यात अर्थ आहे. छापील नावावर जाऊ नका, वजन विचारा. २२ इंचाच्या दोन राइड झांजांमध्ये दोनतीनशे ग्रॅमचा फरक सहज असतो. हलकी असेल तर आवाज खालचा, पसरट आणि लगेच उसळणारा येतो. जड असेल तर काठीचा ठोका टोकदार ऐकू येतो आणि मागचा गुंजारव आवरलेला राहतो. स्वतःच्या काठ्या बरोबर न्या. आधी आपण वाजवा आणि नंतर दुसऱ्याला वाजवायला सांगून चार-पाच मीटर लांब उभे राहा, कारण श्रोत्याला ऐकू येते ते तिथले. टाळ निवडताना आपण दोन्ही वाट्यांचा स्वर जुळतो का ते पाहतो; इथे एक ठरावीक स्वर शोधू नये. पातळ पत्र्यात असंख्य कंपने एकाच वेळी उठतात, त्यामुळे पाहायचा तो आवाजाचा रंग, आणि तो आपल्या सेटमधल्या स्नेअर ड्रमशी भांडतो की नाही, हे.

माझी चूक सांगतो. कारखान्यात दोन तास ठोकण्याचा आवाज ऐकून बधिर झालेल्या कानांनी मी लगेच झांज निवडली. ती तिथे गोड वाटली आणि घरच्या खोलीत इतकी तीक्ष्ण निघाली की वर्षभरात मी ती एका मित्राला दिली. आपण कारखाना सकाळी पाहा आणि निवड दुसऱ्या दिवशी करा.

आणखी एक. २२ इंच म्हणजे ५६ सेंटिमीटर. केबिनमधील सामानाच्या नेहमीच्या मापात ती बसत नाही. विमान कंपनीला आधी लेखी विचारून ठेवा आणि बिल जपून ठेवा, परतताना सीमाशुल्काच्या खिडकीवर ते लागते. सामानात द्यावीच लागली, तर कठीण पेटी घ्या आणि कडेला जाड रबरी नळी उभी चिरून बसवा. झांजेला पहिली चीर कडेलाच जाते.

बोस्फरसकाठी (इस्तंबूल)

तारखा ठरल्या की इथे कळवावे. ईमेलला उत्तर आले नाही तर मी तुर्कीत दूरध्वनी करून विचारेन. आठवड्याच्या मधल्या दिवशीची सकाळ मागू, जेवणाच्या सुट्टीत हातोडे थांबलेले असतात.