मदत हवी आहे : गाडीची वॉरंटी वाढवून घ्यावी का? (अंबाजोगाई-लातूर, महिन्याला 2,000 किमी)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडं पेट्रोल हॅचबॅक आहे, एएमटी गिअरची (क्लच न दाबता गिअर आपोआप बदलतात ती). येत्या दसऱ्याला तीन वर्षं होतील आणि कंपनीची वॉरंटी (3 वर्षे किंवा 1 लाख किमी, जे आधी होईल ते) संपेल. मीटरवर आज 66,000 आहेत. शोरूममधून या आठवड्यात चारदा फोन आला, "सर, अजून दोन वर्षं वाढवून घ्या, जीएसटी धरून 14,800." दसऱ्याच्या आत घेतली तरच, नंतर मिळणार नाही म्हणतात.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, शाळा घरापासून 20 किलोमीटर. आईचं डायलिसिस लातूरला आठवड्यातून दोनदा असतं. बुधवारी धाकटा भाऊ नेतो, शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी. परत येताना ती मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी होते, बोलायचंही त्राण नसतं. रेणापूरच्या अलीकडं भर उन्हात गाडी बंद पडली तर हिला घेऊन कुठं उभं राहू, हे डोक्यातून जात नाही.

आमच्या शाळेतल्याच एका सरांच्या गाडीचा गिअर टाकणारा ॲक्च्युएटर साडेतीन वर्षांत गेला. बिल 38,000. ते ऐकल्यापासून वाटतं, घेऊन टाकावी.

पण मागच्या हिवाळ्यातला अनुभव आडवा येतो. गाडी लावतो त्या शेडमध्ये सोयाबीनची पोती होती. सकाळी चावी फिरवली तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटलेले. बॉनेट उघडलं, बॅटरीखाली सोयाबीनची टरफलं आणि लाल वायरीचे बारीक तुकडे. उंदीर! सर्व्हिस सेंटरनं वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगितलं, 6,200 खिशातून गेले. उद्या 14,800 भरूनही हेच ऐकायचं असेल तर ते पैसे बँकेत बाजूला टाकलेले काय वाईट? ज्यांनी घेतलीय आणि क्लेमही केलाय, त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (नांदेडहून)

सर, आधी आईंना बरं वाटो.

उंदराचं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. वॉरंटी म्हणजे पार्ट आपणहून बिघडला तर. बाहेरून झालेलं नुकसान, अपघात, पुराचं पाणी हे विम्याकडं जातं, आणि इंजिनात पाणी गेलं तर त्यासाठी विम्यातही इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, वायपर, बॅटरी ही झीज धरतात, ती तुमच्याच खिशातून. एएमटी असली तरी आत क्लच प्लेट असतेच, ती गेली तर पैसे मिळणार नाहीत. ॲक्च्युएटर, एसी कॉम्प्रेसर, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), पॉवर स्टिअरिंगची मोटर, मोठी बिलं यांचीच येतात. ती यादीत आहेत का ते पुस्तिकेत स्वतः वाचा, फोनवरच्या माणसाचं ऐकू नका.

वॉरंटी गाडीच्या कंपनीची आहे की डीलरचं स्वतःचं पॅकेज, तेही विचारा. कंपनीची असेल तर देशातल्या कुठल्याही अधिकृत सेंटरला चालते. माझा कॉम्प्रेसर चौथ्या वर्षी गेला, नांदेडची गाडी सोलापुरात दुरुस्त झाली, मला फक्त गॅस आणि ऑइलचे पैसे पडले.

प्रतिसाद (परभणीहून, गॅरेज आहे)

साधी गिअरवाली गाडी आणि वर्षाला सात-आठ हजार किमी असते तर नको म्हणलो असतो. तुमचं रनिंग बघून एकच विचारतो, किलोमीटरची मर्यादा किती लिहिलीय? वर्षं सगळे सांगतात, किलोमीटर कुणी सांगत नाही.

धागाकर्ता

परभणीच्या दादांचे मनापासून आभार. काल लातूरला आईला आत घेतल्यावर मधल्या चार तासांत शोरूमला जाऊन आलो. पत्रकावर बारीक अक्षरात "5 वर्षे / 1,00,000 किमी". दसऱ्यापर्यंत माझे 72,000 होतील. उरले 28,000, म्हणजे जेमतेम 14 महिने. मला दोन वर्षं म्हणून विकत होते! 1,20,000 किमीची योजना आहे का विचारलं तर आहे म्हणाले, 19,400 रुपये, तीही कंपनीचीच. त्यात 48,000 किमी मिळतात, म्हणजे माझी पुरी दोन वर्षं. ॲक्च्युएटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही यादीत आहेत, मी बोट ठेवून वाचलं. पोती शेडमधून हलवलीत.

मन घेण्याकडं झुकलंय, पण एक गोष्ट अडतेय. 50,000 किमीची सर्व्हिस मी 1,400 किमी उशिरा केली, तेव्हा आई आयसीयूत होती. सेंटरवाला म्हणतो, काही होत नाही. पुस्तिकेत मात्र वेळेवर सर्व्हिस नसेल तर क्लेम नाकारू शकतो असं लिहिलंय. पैसे भरायच्या आधी "या उशिरामुळे क्लेम नाकारणार नाही" असं कंपनीकडून ईमेलवर लेखी कुणी मिळवलंय का? मिळवलं असेल तर कुणाला आणि कसं लिहिलं, तेवढं सांगा. शनिवारी पुन्हा लातूरला जाणार आहे.