मदत हवी आहे: टोल्किनमधली नावं मराठीत कशी सांगू?

मंडळी, मी खानापूरचा. कॉलेजात असताना बेळगावात टोल्किन या इंग्रज लेखकाच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुत कादंबरीचे तीन भाग जुन्यातले घेतले होते. पहिल्याची पाठ केव्हाच निखळलीय, पावसाळ्यात पानांना कुबट वास येतो, पण दर दोन-तीन वर्षांनी परत वाचल्याशिवाय चैन पडत नाही.

आता पाचवीतल्या लेकीला रात्री लाईट गेली की तोंडीच सांगतोय, आपल्या मराठीत. अडतंय ते नावांशी. 1954-55 ला पुस्तक आलं, पुढं इतर भाषांतली भाषांतरं बघून टोल्किननं अनुवादकांसाठी टिपणच लिहिलं: कुठलं नाव तसंच ठेवायचं, कुठल्याचा अर्थ उतरवायचा. नायक फ्रोडोचं आडनाव बॅगिन्स, त्यात ‘बॅग’ म्हणजे ‘पिशवी’ दिसली पाहिजे म्हणे. मी ‘पिशवीकर’ केलं. लेक खो खो हसली, ‘आपल्या गल्लीतलेच वाटतात की ओ पप्पा!’ मला तरी ते पटलंय. सीमाभागात ‘कर’ आडनावाला काय तोटा?

ट्रीबियर्डला, म्हणजे त्यातल्या चालत्याबोलत्या झाडासारख्या म्हाताऱ्याला, ‘झाडदाढ्या’ म्हणतोय, तेही खपलं. घोडं अडलंय रिव्हेंडेलवर. अर्थ दुभंगलेली दरी. ‘फाटदरी’ म्हटलं तर फाटक्या चड्डीसारखं ऐकू येतं, आणि ‘विदीर्णघाटी’ म्हणजे संस्कृतचा पेपर. एल्फांचं, म्हणजे गोष्टीतल्या देखण्या, अमर लोकांचं घर आहे हो ते! जांबोटी, कणकुंबीकडच्या जुन्या माणसांत अशा चिंचोळ्या, पाण्याच्या दरीला काही खास शब्द आहे काय? कुणाच्या आजीला विचारून सांगा की. फ्रोडो जखमी होऊन नदीपर्यंत पोचलाय, फार दिवस थांबवता येणार नाही.