प्रतिसाद : ‘तेव्हा कुठे होतात?’

तुम्ही म्हणताय की आजच्या प्रश्नावर उलट ‘मागच्या सरकारात तेव्हा कुठे होतात?’ विचारण्यात चूक काय, समोरच्याचा दुटप्पीपणा तर उघडा पडतो ना. थोडं पटतं, पण पूर्ण नाही. 2024 च्या विधानसभेच्या वेळी मामाच्या गावात प्रचाराची बैठक होती, लातूरकडं, तिथं मामा उठून म्हणाला की सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये आणि माझं सोयाबीन गेलं 4100 नं, उरलेलं कोण देणार? तर माईकवरचा माणूस म्हणतो, मागच्या सरकारात किती भाव होता ते सांगा आधी. मामा सांगायला लागला तेवढ्यात पुढचा प्रश्न, काका तुम्ही कुठल्या पक्षाचे? लोक हसले, मामा हातातली पावती घडी करून खिशात ठेवत खाली बसला. झालं, 4892 आणि 4100 मधला फरक गेला कुठं?

आणि हे एकाच बाजूचं नाही हो, कर्जमाफीचा विषय काढा, एक म्हणणार फडणवीस सरकारच्या 2017 च्या दीड लाखाच्या माफीत किती अटी होत्या, दुसरा म्हणणार ठाकरे सरकारच्या 2019 च्या दोन लाखांच्या माफीत त्याहून जास्त थकबाकी असलेले का वगळले, दोन्ही प्रश्न खरे आहेत पण ते उत्तर म्हणून फेकले जातात, विचारले जात नाहीत.

जुनं काढायचंय तर काढा, आधी आजचं उत्तर द्या आणि मग काढा. मामाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.