यूकेत टीव्ही लायसन्स नक्की कधी लागतं? घरात टीव्ही आहे पण आम्ही फक्त ओटीटी बघतो

थेम्सकाठची
नमस्कार मंडळी, यंदाच रेडिंगला शिफ्ट झालोय. फ्लॅट फर्निश्ड घेतला, हॉलमध्ये घरमालकाचाच भलामोठा टीव्ही भिंतीवर टांगलेला आहे. आल्यापासून टीव्ही लायसन्सची (बीबीसीसाठी घेतात ती वर्षाची फी) पत्रं येताहेत, पाकिटावर आमचं नाव नाही नुसतं ‘द लीगल ऑक्युपायर’. आधीचं जरा गोड भाषेत होतं, आताच्यात १००० पाउंड दंड, कोर्ट, अधिकारी भेट देतील वगैरे. नवरा म्हणतो फेकून दे, आपण कुठे बीबीसी बघतो. त्याचं खरं आहे, आम्ही नेटफ्लिक्स, प्राइम, यूट्यूब याच्यापलीकडे जात नाही. पण आता सासूबाई आल्यात व्हिजिटर व्हिसावर, आणि त्यांची मालिका तिकडे रात्री आठला लागते म्हणजे इथे दुपारी साडेतीन, तर बरोब्बर त्या वेळेला त्या चहा घेऊन बसतात आणि मी अ‍ॅपमधल्या ‘लाईव्ह टीव्ही’वर जाऊन मराठी चॅनल लावून देते. चॅनल भारतातलं, अ‍ॅपचे पैसे आम्ही वेगळे भरतो, मग याला पण लायसन्स लागतं का? आणि टीव्ही आमचा नाहीच, घरमालकाचा आहे, मग लायसन्स त्याने काढायचं ना? अजून एक, सासूबाई ७८ च्या आहेत, सीनियर सिटिझनला फुकट असतं असं ऑफिसात कोणीतरी म्हणालं. प्लीज कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, दारावर बेल वाजली की धस्स होतं.

बिनधास्त_बंड्या
काही लागत नाही हो. लायसन्स टीव्हीला असतं, लॅपटॉप मोबाईलला नाही. अँटेनाची वायर काढून टाका, लॅपटॉप एचडीएमआयने जोडा, विषय संपला. पत्रं सरळ कचऱ्यात. मी आजवर एक पेनी भरलेली नाही.

लेस्टरचा_काका
बंड्या, बाबा रे, लोकांना खड्ड्यात घालू नकोस.

ताई, नीट ऐका. इथला नियम डबा कुठला आणि वायर कुठली यावर नाहीच आहे, तुम्ही बघता काय त्याच्यावर आहे. दोन गोष्टींना लायसन्स लागतं. एक म्हणजे कुठलंही चॅनल ते दाखवतंय त्याच वेळी बघणं किंवा रेकॉर्ड करणं, मग ते बीबीसी असो, स्काय असो नाहीतर आपलं मराठी, आणि टीव्हीवर बघा, लॅपटॉपवर बघा, बसमध्ये मोबाईलवर बघा, सगळं सारखंच. चॅनल परदेशातलं आहे म्हणून सुटका नाही, आणि अ‍ॅपचे किंवा स्कायचे पैसे भरता ते वेगळे, लायसन्स वेगळं. दुसरी गोष्ट म्हणजे आयप्लेअर, बीबीसीचं ऑनलाइन बघायचं अ‍ॅप. त्याच्यावर लाईव्ह तर सोडाच, मागच्या आठवड्यातला जुना कार्यक्रम बघितला तरी लायसन्स हवं. हे १ सप्टेंबर २०१६ पासून झालं, त्याआधी असं मागचं बघणं फुकटात चालून जायचं.

आता तुमचं. नेटफ्लिक्स, प्राइम, यूट्यूबवर आपल्या सवडीने पिक्चर-सिरीज बघता त्याला काहीही लागत नाही. पण सासूबाई साडेतीनला लाईव्ह बघतात ना, तिथे अडकता. तोच एपिसोड अ‍ॅपवर नंतर येतो तो लावून दिलात, की लागत नाही. एवढाच फरक आहे, हसू येईल पण कायदा तसाच आहे. मध्ये पॉज करून दहा मिनिटं मागे राहून बघितलं तरी ते लाईव्हमध्येच धरतात, तेव्हा ती शक्कल नको.

टीव्ही घरमालकाचा असला तरी बघणारे तुम्ही, त्यामुळे तुमच्या फ्लॅटचं लायसन्स तुम्हीच बघायचं, भाडेकरारात त्यात धरलंय असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि नुसता टीव्ही भिंतीवर आहे, लाईव्ह कोणी बघत नाही, तर तो गुन्हा नाही.

७५ च्या वरच्यांना सरसकट फुकट होतं ते १ ऑगस्ट २०२० पासून बंद झालं. आता पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी सरकारी मदत, मिळत असेल त्यांनाच. व्हिजिटर व्हिसावर त्याचा प्रश्नच येत नाही.

थेम्सकाठची
काका खूप खूप धन्यवाद, एवढं सरळ कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी रोज दुपारी साडेतीनला गुन्हा करतेय तर 😅 सासूबाईंना म्हटलं आई उद्या सकाळी बघा तोच भाग, तर म्हणाल्या माझ्या बहिणीचा फोन साडेचारला येतो आणि ती सगळं सांगून टाकते, शिळी मालिका मी बघणार नाही. आता काय बोलणार. आणि क्रिकेटचं काय? नवरा स्कायचा पास घेऊन टॅबवर टेस्ट बघतो.

लेस्टरचा_काका
मॅच लाईव्ह म्हणजे लायसन्स, टॅब असला तरी. हायलाइट्स नंतर यूट्यूबवर बघितल्या तर नको, त्याच आयप्लेअरवर बघितल्या तर हवं. आणि रेडिओला काहीच लागत नाही, इथलं रेडिओचं लायसन्स १९७१ सालीच गेलं. बीबीसी रेडिओवर टेस्ट मॅच स्पेशलची कॉमेंट्री लावून कांदे चिरत बसा, कोणी विचारणार नाही. माझ्या मते टीव्हीपेक्षा तीच भारी.

हो, आणि नेटफ्लिक्स म्हणजे कायम सेफ असंही डोक्यात ठेवू नका. २०२५ पासून तिथे डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीचा ‘रॉ’ हा शो दर आठवड्याला लाईव्ह दाखवतात, तो लाईव्ह बघितला की लागलंच. आमच्याकडे पोरगा बघतो म्हणून माहीत.

सदाशिव_पेन्शनर
पुण्यातून लिहितोय. तरुण मंडळींना हे लायसन्स प्रकरण फार परदेशी वाटत असेल, पण आपल्याकडेही होतं बरं का. रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि टीव्हीला ५०, आणि भरायचे पोस्टात. लहानसं पुस्तक असायचं, त्यात दर वर्षी तिकीट चिकटवून पोस्टाचा शिक्का मारून घ्यायचा, उशीर झाला की वर सरचार्ज. आमचे वडील ते पुस्तक रेशनकार्डाच्या जोडीला लोखंडी कपाटात ठेवायचे आणि इन्स्पेक्टर येणार अशी आवई उठली की वाड्यात ज्यांनी भरलेलं नसायचं त्यांच्या रेडिओवर टॉवेल पडायचा. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, पण आमच्या वाड्यात टीव्ही यायला पुष्कळ वर्षं गेली. १९८५ मध्ये सरकारने दोन्ही लायसन्सं काढून टाकली. विलायतेत अजून चालूच आहे हे वाचून गंमत वाटली.

डब्लिनवाला
वरचं सगळं यूकेसाठी बरोबर आहे, पण आयर्लंडमध्ये कोणी असेल तर प्लीज ते इथे लावू नका, इथे एकदम उलटं. इथे तुम्ही काय बघता याच्याशी देणंघेणं नाही, घरात टीव्ही सेट आहे का एवढंच. बंद पडलेला, माळ्यावर टाकलेला असला तरी १६० युरो. आणि लॅपटॉप मोबाईलवर दिवसभर लाईव्ह बघा, लायसन्स नको. म्हणजे बंड्याचं म्हणणं चुकीच्या देशात लिहिलंय फक्त 😀 लायसन्स पोस्टात मिळतं, इन्स्पेक्टर पण पोस्टाचेच. आम्ही म्हणूनच टीव्ही घेतलाच नाही.

म्युनिकची_मावशी
तुमचं बरं आहे बाई, पळवाट तरी आहे. जर्मनीत टीव्ही असो नसो, बघा न बघा, २०१३ पासून घरटी टीव्ही-रेडिओची वर्गणी द्यावीच लागते, महिन्याला १८ युरो ३६ सेंट. पत्ता रजिस्टर केला की काही दिवसांनी पत्र हजर, कारण महापालिकेकडून माहिती आपोआप जाते. एकच चांगलं, फ्लॅटला एकच वर्गणी, चौघं मिळून राहत असाल तर एकाने भरायची आणि वाटून घ्यायची. नवीन आलेली पोरं चौघंही घाबरून वेगवेगळी भरतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

हॉस्टेलवासी
यूकेतलंच विचारतो, लीड्सला मास्टर्सला आलोय, युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये रूम आहे. सीनियर म्हणाले आईवडिलांच्या घरचं लायसन्स चालतं. आणि पुढच्या वर्षी आम्ही पाचजण मिळून घर घेणार आहोत तेव्हा काय?

लेस्टरचा_काका
सीनियर अर्धं सांगतायत. आईवडिलांचं लायसन्स चालतं ते ते यूकेत राहत असतील आणि त्यांच्या पत्त्याचं लायसन्स असेल तर, आणि तेही तुझा लॅपटॉप मोबाईल चार्जरला न लावता निव्वळ बॅटरीवर चालवत असशील तरच. प्लग लावलास की संपलं. तुझे आईवडील असतील तिकडे नाशिकला नाहीतर नगरला, म्हणजे तुला त्याचा शून्य उपयोग. हॉलचं स्वतःचं लायसन्स असतं ते कॉमन रूमचं, तुझ्या खोलीचं नाही. तेव्हा खोलीत लाईव्ह बघणार असशील तर स्वतःचं काढ, नाहीतर मॅच कॉमन रूममध्ये बघ, तिथे जास्त मजा येते.

पाचजणांच्या घराला एकच भाडेकरार सगळ्यांच्या नावाचा असेल तर साधारण एक लायसन्स पुरतं. प्रत्येकाचा खोलीचा करार वेगळा असेल तर ज्याने त्याने आपापलं. करार हातात घेऊन बघ, घरमालकाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस.

ग्लासगोची_सून
ताई दारावर बेल वाजायला घाबरू नका. आमच्याकडे आले होते एकदा, व्यवस्थित बोलले. त्यांना घरात घ्यायचं की नाही हे आपल्या हातात असतं, परवानगीशिवाय ते आत येऊ शकत नाहीत, यायचं तर कोर्टाचं वॉरंट लागतं. खोटं मात्र सांगू नका. आणि खरंच लायसन्स लागत नसेल तर त्यांच्या साईटवर ‘नो लायसन्स नीडेड’ म्हणून फॉर्म आहे तो भरला की पत्रांचा मारा बराच थांबतो. भरायची सक्ती नाहीये, पण डोक्याला शांती. दंड जास्तीत जास्त १००० पाउंड, वर कोर्टाचा खर्च, आणि लायसन्स नाही म्हणून उचलून जेलमध्ये टाकत नाहीत, पण कोर्टाने केलेला दंडच भरला नाही तर मग पुढे अवघड होतं.

अजून एक, ईमेलला जरा सांभाळून. तुमचं लायसन्स संपलंय, इथे क्लिक करून कार्ड नंबर टाका असे खोटे मेल खूप फिरतात. आमच्या ओळखीतल्या एकांनी तर कधी लायसन्स काढलेलंच नव्हतं तरी रिन्यू करायला निघाले होते. मेलमधल्या लिंकवर जायचंच नाही, साईटचा पत्ता आपण टाईप करायचा.

बिनधास्त_बंड्या
ठीक आहे, मोबाईलचं मला माहीत नव्हतं. पण एवढ्या पैशात दोन ओटीटी येतात राव, आणि मी बीबीसी बघतच नाही तर त्यांना का द्यायचे हा माझा मुद्दा आहेच.

लेस्टरचा_काका
तो मुद्दा इथले गोरेपण रोज मांडतात, चालू दे तुझं. फक्त दुसऱ्याला सल्ला देताना कायदा काय आहे तो सांग.

थेम्सकाठची
झालं, काल घरात मीटिंग झाली. सासूबाई ऐकत नाहीत, नवरा मॅच सोडत नाही, म्हणजे काढावंच लागणार. बघितलं तर १ एप्रिल २०२५ ला रंगीत टीव्हीचं १७४.५० पाउंड झालं होतं. ब्लॅक अँड व्हाईटचं तेव्हा ५८.५० होतं म्हणे, तो टीव्ही कोणाकडे असतो देव जाणे, नवरा लगेच विचारायला लागला की टॅबवर कलर बंद केला तर चालेल का 🤦‍♀️ मला एकच सांगा, सासूबाई परत गेल्या आणि सीझनही संपला की बंद करता येतं का, की वर्षाचे गेले ते गेले?

ग्लासगोची_सून
येतं की. पुढे गरज नाही असं कळवायचं, उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात. पण त्यानंतर खरंच लाईव्ह लावायचं नाही, आयप्लेअर पण नाही. डायरेक्ट डेबिट लावलंत तर एक लक्षात ठेवा, पहिल्या वर्षाचे पैसे पहिल्या सहा महिन्यांतच कापतात, म्हणजे सुरुवातीला महिन्याला जास्त जातील, नंतर निम्मे होतात. आमच्याकडे पहिल्यांदा बघून वाटलं होतं डबल कापलेत म्हणून. आणि नुसता डेबिट कॅन्सल करू नका, आधी लायसन्स कॅन्सल करा, मग डेबिट.

थेम्सकाठची
ओके, हे बरं झालं सांगितलं, मी बँकेतूनच बंद केलं असतं. आज रात्री फॉर्म भरते.