रतनगडाचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, राहिलं की!

भंडारदऱ्याकडे ट्रेकला कुठे जावं, या प्रश्नावर कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड दोन्ही सुचवून झालेत, पण तिकडच्या वाटांत रतनगड नसेल तर मला चैन पडणार नाही. रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेऊन निघायचं. गर्द झाडीतली वाट, शेवटी लोखंडी शिड्या. माथ्यावरच्या नेढ्यात वारा असा घुसतो की टोपी हातातच धरावी लागते. तिथे पाठ टेकून बसलं की अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि १६४६ मीटरची कळसूबाई समोर. सप्टेंबरअखेरीस सोनकीच्या फुलांनी गड पिवळाधमक होतो, तेव्हाच जा. फक्त शनिवार-रविवार टाळा, शिड्यांवर फार खोळंबा होतो. आणि हरिश्चंद्रगडाला पहिल्यांदाच जाणार असाल तर नळीची अवघड वाट नको, पाचनईहून चढा. गडाचा प्रसिद्ध कडा, कोकणकडा, तोच भेटतो.