पिवळी ज्योत: आधी बर्नरची नळी बघा

पावसाळा संपल्यावर गॅसचं ग्रिल पेटवलं तर ज्योत पिवळी येते, इसवणीवर (म्हणजे सुरमईवर) काजळी धरते, असं एकाने विचारलंय. लगेच सिलिंडर बदलू नका. आपल्या गोव्यात चार महिने झाकून ठेवलेल्या ग्रिलमध्ये बऱ्याचदा कोळी शिरलेला असतो. सिलिंडर बंद करून बर्नर काढा आणि नॉबच्या बाजूने नळीत बाटली धुवायचा बारीक ब्रश फिरवा. पांढरं, कापसासारखं जाळं निघेल. त्याने हवा अडते, म्हणून ज्योत पिवळी. कधी गॅस मागे नॉबपाशीच पेट घेतो, खरा धोका तोच. खाऱ्या हवेने गंजलेली बर्नरची भोकं तारेने मोकळी करा, मोठी करू नका. जोडल्यावर नॉब बंद ठेवून सिलिंडर सुरू करा आणि गॅसच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले तर अजिबात पेटवू नका. आणि पेटवताना झाकण उघडंच ठेवा.