मदत हवी आहे: ट्रंपेटला कोणता माउथपीस घ्यावा? मामांच्या जुन्या माउथपीससारखा आवाज हवाय

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा, वय 36, साडेतीन वर्षं झाली ट्रंपेट शिकतोय, तेही नोकरी सांभाळून, म्हणजे रोज पाऊण तास मिळाला तरी खूप. ट्रंपेट साधाच आहे, बी फ्लॅटचा, विद्यार्थ्यांसाठी असतो तसला, आणि त्याच्याबरोबर आलेला माउथपीस (ओठ लावून फुंकायचा सुटा भाग) 7सी मापाचा आहे. सगळ्या नवीन ट्रंपेटबरोबर बहुतेक हाच येतो असं ऐकलंय.

आता अडचण अशी की माझे मामा मिरजेत बँडमध्ये होते, वरातीत, गणपतीत वाजवायचे. लहानपणी मी त्यांच्या मागे मागे फिरलोय, आणि तो आवाज अजून कानात आहे, गोल, भरलेला, अजिबात टोचायचा नाही. ते गेल्यावर मामीने रुमालात बांधून ठेवलेला त्यांचा माउथपीस मला दिला. वाद्य केव्हाच विकलं गेलं होतं, फक्त हा तेवढा राहिला होता. त्याच्यावर नंबर नाही, नाव नाही, रिमवरचं, म्हणजे ओठ टेकतात त्या कडेवरचं, प्लेटिंग उडून आतलं पितळ दिसतंय.

मी तो ट्रंपेटला लावला आणि पहिली लॉंग नोट (एकच सूर लांबवर) धरली तर अहो खरंच तोच आवाज, माझ्या डोळ्यात पाणी आलं. पण मग गाणं वाजवायला गेलो तर सगळं बेसूर, खालचा सा ट्यूनरवर जुळवला की वरचा सा जुळत नाही, ट्यूनिंग स्लाइड किती आतबाहेर केली तरी तेच. शिवाय तो थोडा हलतो पण. 7सी लावला की सूर जुळतो पण आवाज कोरडा येतो आणि अर्ध्या तासात ओठ सुजतात, रिमची गोल खूण उमटते ती तासभर जात नाही.

इंटरनेटवर वाचून डोकं भणभणलंय, कोणी म्हणतं 3सी घे, कोणी म्हणतं 1½सी, कोणी म्हणतं माउथपीसने काही होत नाही रियाज कर. यामाहाचा 11बी4 पण सुचवला एकाने. मला एकच विचारायचंय, मामांच्या माउथपीससारखा आवाज देणारा पण सुरात वाजणारा माउथपीस कोणता? मामांचाच थोडा घासून, लेथवर लावून नीट बसवता येईल का? इथे ओळखीचा टर्नर आहे.

प्रतिसाद 1

दादा आधी लेथ विसरा, तो माउथपीस टर्नरकडे अजिबात नेऊ नका!! बाकी नंतर बोलू.

प्रतिसाद 2

वरच्यांशी सहमत. मी ठाण्यात आहे, चर्चमध्ये आणि लग्नांत मिळून वीसेक वर्षं वाजवतोय, त्यावरून सांगतो.

नंबरचा गोंधळ आधी सोडवू. बाख कंपनीच्या पद्धतीत आकडा जितका लहान तितकं कपचं (ओठ लावतो त्या पोकळ भागाचं) तोंड मोठं, आणि यामाहात बरोबर उलटं, आकडा वाढला की तोंड वाढतं. अक्षर कपच्या खोलीचं, त्याचंही तसंच, बाखमध्ये ए सगळ्यात खोल आणि पुढे सी, डी, ई, एफ करत उथळ होत जातो, यामाहात ए उथळ आणि ई खोल. त्यामुळे एका कंपनीचा नंबर दुसरीत शोधू नका, फसाल. बाखच्या यादीत 7सीचा व्यास 16.20 मिमी, 5सीचा 16.25, 3सीचा 16.30 आणि 1½सीचा 17.00 असा आहे, यामाहा 11बी4चा 16.46. पण हे आकडे कंपन्या कपात वेगवेगळ्या खोलीवर मोजतात, म्हणून 11बी4 कागदावर 3सीपेक्षा मोठा दिसला तरी ओठाला तसा लागेलच असं नाही. 7सी ते 3सी हा फरक यादीत एक दशांश मिलिमीटर, ओठांना मात्र तो चांगलाच कळतो.

तुम्हाला जो गोल आवाज हवाय तो व्यासात नाही, कपच्या खोलीत आणि आकारात आहे. उथळ, वाटीसारखा कप असला की आवाज धारदार, चकचकीत येतो. खोल आणि नरसाळ्यासारखा खाली निमुळता होत गेलेला असला की मऊ, गडद. म्हणून 1½सी घेऊन तुमचा प्रश्न सुटणार नाही, उलट मोठ्या तोंडात जास्त ओठ जातो, तो धरायला ताकद लागते, रोजच्या पाऊण तासात ती येणं अवघड.

आता खरी शंका. मामांचं वाद्य नक्की ट्रंपेटच होतं का? घरचे लोक सगळ्यालाच ट्रंपेट म्हणतात. दोन्ही माउथपीसची लांबी पट्टीने मोजा, आणि ट्रंपेटमध्ये किती आत जातात तेही बघा, पेन्सिलीने खूण करून.

धागाकर्ता

मोजलं. 7सी पावणेनऊ सेंटिमीटर, मामांचा सातच्या जरा खाली. 7सी साधारण अडीच सेंटिमीटर आत जाऊन घट्ट बसतो, मामांचा त्याच्यापेक्षा बराच आत घुसतो आणि तरी हलतो. कप पण बघितला, खरंच नरसाळ्यासारखा आहे, बोट घातलं तर तळ लागत नाही. म्हणजे??

प्रतिसाद 2

म्हणजे तो कॉर्नेटचा, ट्रंपेटसारख्याच दुसऱ्या वाद्याचा, माउथपीस आहे. कॉर्नेटची शँक (माउथपीसची नळीत जाणारी दांडी) आखूड आणि बारीक असते, ट्रंपेटच्या नळीत ती जास्त आत जाते, नीट बसत नाही, हवा गळते आणि वरचा-खालचा सूर एकमेकांपासून सुटतो. जुन्या कॉर्नेटचे कप असेच खोल असायचे, म्हणून तो आवाज. मामांचा कसला एखादा फोटो असेल तर बघा, कॉर्नेट ट्रंपेटपेक्षा आखूड आणि गुबगुबीत दिसतो, नळीला जास्त वळसे असतात. नंबर नाही त्यात नवल नाही, बँडलाइनची पुष्कळ वाद्यं मेरठच्या जली कोठीतून येतात, त्यातल्या किती माउथपीसवर काहीच कोरलेलं नसतं.

अजून एक, पितळ उघडं पडलेला रिम रोज ओठाला लावू नका. काही जणांना त्याने ओठ चुरचुरतात, फोड येतात. चांदीचं प्लेटिंग करून मिळतं, पण ते करताना रिमला पॉलिश मारून धार बदलली तर आवाज आणि ओठाची पकड दोन्ही जातील, म्हणून कोणालाही देऊ नका.

प्रतिसाद 3

मी सूज आणि खुणेबद्दल सांगतो. ती बहुतेक दाबाची आहे. वरची नोट लागत नाही म्हणून आपण डाव्या हाताने वाद्य ओठावर दाबतो, दाबलं की ओठातलं रक्त थांबतं आणि अर्ध्या तासात ओठ संपतात. कुठलाही माउथपीस घ्या, हे तसंच राहील. दहा मिनिटं लॉंग नोट अगदी हळू आवाजात, मग तेवढाच वेळ वाद्य खाली, मग परत. जितकं वाजवलं तितकी विश्रांती. आणि 7सी आतून धुतलाय का कधी? कोमट पाणी, थोडा साबण, माउथपीसचा छोटा ब्रश. माउथपीसच्या घशात, म्हणजे कपखालच्या अरुंद भोकात, थर बसला असेल तरी आवाज कोरडा येतो, मी स्वतः वर्षभर नवीन माउथपीस शोधत होतो आणि कारण हे निघालं.

प्रतिसाद 2

बरोबर बोललात. घ्यायचाच असेल तर व्यास बदलू नका, फक्त खोली बदला, एका वेळी एकच गोष्ट. म्हणजे 7सीऐवजी 7बी, मिळाला नाही तर 5बी. मुंबईला आलात तर धोबीतलावला जेर महालमध्ये फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे, आपला ट्रंपेट आणि ट्यूनर बरोबर न्या. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक नवा माउथपीस भारी वाटतो, त्यावर जाऊ नका. तीच लॉंग नोट, तीच चाल प्रत्येकावर वाजवा, हळू आवाजात सुरुवात स्वच्छ होते का बघा, आणि ओठ दमल्यावर परत एकदा वाजवा. घेतला की निदान तीन आठवडे दुसरा हातात घेऊ नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. 7सी धुतला, आतून जे निघालं ते बघून वाईट वाटलं, आवाज लगेच जरा मोकळा झाला. दाबाचंही पटलं, करंगळी ट्रंपेटच्या हुकात अडकवून ओढत होतो ती काढली तर वरचा सोल (सा-रे-ग मधला प) लागेना, म्हणजे सगळं दाबावरच चाललं होतं. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने मुंबईला जायचंय तेव्हा 7बी बघतो.

आणि काल मामीकडे जाऊन फोटो शोधला. मागे घोडा, मामा टोपी घालून पुढे, हातातलं वाद्य आखूड, गुबगुबीत. कॉर्नेटच. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे एवढे कारागीर आहेत, पण पितळी वाद्यांचं विचारलं तर कोणाला सांगता येईना. म्हणून शेवटचं विचारतो, सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी भागात कोणाकडे बँडमधला जुना कॉर्नेट पडून असेल, वॉल्व अडकलेले असले तरी चालेल, तर व्यनि करा. माउथपीस माझ्याकडे आहे.